एलएनकॅप, पीसी-३ की २२आरव्ही१? प्रोस्टेट कर्करोगाच्या प्रयोगासाठी पेशी निवडताना

प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींपैकी (सेल लाइन) नव्याने काम सुरू करणारे बहुतेक जण पीसी-३ घेतात, कारण ती भराभर वाढते आणि सांभाळायला सोपी. पण आधी ठरवायचं ते हे, की तुमचा प्रयोग अँड्रोजन रिसेप्टरभोवती (पुरुषी हार्मोन पकडणारं पेशीतलं प्रथिन) फिरतो का? फिरत असेल तर पीसी-३ आणि डीयू-१४५ दोन्ही बाद. त्यांच्यात तो रिसेप्टर जवळजवळ नसतोच, पीएसए हे प्रोस्टेटचं खास प्रथिनही बनत नाही. अँटीअँड्रोजन (हा रिसेप्टर अडवणाऱ्या) औषधाने या पेशी मेल्या, तर त्या रिसेप्टरमुळे मेलेल्या नाहीत, डोस तपासा.

रिसेप्टर नको असेल, तर दोघींतला फरक उपयोगी पडतो. हाडातल्या गाठीतून आलेल्या पीसी-३ मध्ये पीटेन आणि पी५३ ही गाठ रोखणारी दोन्ही प्रथिनं नाहीत. मेंदूतल्या गाठीतून आलेल्या डीयू-१४५ मध्ये पीटेन काम करतं, पी५३ बदललेलं आहे. पीटेन ज्याला लगाम घालतं, त्या पीआय३-कायनेज या पेशीवाढीच्या मार्गावरचं औषध तपासताना दोन्ही शेजारी ठेवा.

एलएनकॅपमध्ये रिसेप्टर आहे, पीएसए आहे, आणि हालही आहेत. पेशी तळाला जेमतेम चिकटतात. पीबीएस (पेशी धुण्याचं मिठाचं द्रावण) थेट त्यांच्यावर सोडला तर थरच्या थर उचकटून येतो, म्हणून तो फ्लास्कच्या समोरच्या भिंतीवरून हळू सोडायचा. पॅसेजनंतर (पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटल्यावर) ४८ तास फ्लास्क हलवायचा नाही. ९६ खणांच्या प्लेटला आधी पेशी धरून ठेवणारं पॉली-लायसिन लावलं नाही, तर धुताना निम्म्या पेशी जातात आणि तेच औषधाचा परिणाम म्हणून नोंदलं जातं.

त्याहून मोठा फास म्हणजे तिच्या रिसेप्टरमधला टी८७७ए हा बदल. त्यामुळे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, एवढंच काय, फ्लुटामाइड या अँटीअँड्रोजनपासून शरीरात बनणारं हायड्रॉक्सीफ्लुटामाइडसुद्धा रिसेप्टर चालू करतं. तुलनेसाठी बायकॅल्युटामाइड किंवा एन्झाल्युटामाइड घ्या. हार्मोन देण्यापूर्वी २–३ दिवस पेशी कोळशाने हार्मोन काढलेल्या सिरममध्ये आणि फिनॉल रेड नसलेल्या मीडियममध्ये ठेवा. फिनॉल रेड स्वतःच किंचित इस्ट्रोजेनसारखं वागतं. पॅसेज क्रमांक लिहीत चला. ३३च्या आतल्या पेशी अँड्रोजनवर अवलंबून असतात, ८०च्या पुढच्या त्याशिवायही वाढतात.

औषधाला न जुमानणारा रोग अभ्यासायचा असेल तर २२आरव्ही१ घ्या, तिच्यात एआर-व्ही७ हे रिसेप्टरचं तुकडा गळालेलं रूप आहे. मात्र ती एक्सएमआरव्ही हा उंदरांमधून आलेला विषाणू सोडते. प्रोस्टेट कर्करोगाशी या विषाणूचा संबंध असल्याची चर्चा काही वर्षं चालली. २०११ मध्ये तो उंदरांमध्ये गाठ वाढवताना तयार झाल्याचं दिसलं. तिचं मीडियम, पिपेट, इन्क्युबेटरचा कप्पा वेगळा ठेवा.

व्हीकॅप ही सेल लाइन फक्त टीएमपीआरएसएस२-ईआरजी ही दोन जनुकांची जोड हवी असेल तरच, कारण ती फारच सावकाश वाढते.

पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या भांडारातून घ्या, शेजारच्या प्रयोगशाळेच्या फ्रीजरमधून नको. टीएसयू-पीआर१ वर्षानुवर्षं प्रोस्टेटची म्हणून वापरली गेली. २००१ मध्ये ती मूत्राशयाच्या कर्करोगाची टी२४ निघाली. एसटीआर (पेशींची डीएनएवरून ओळख) आणि मायकोप्लाझ्मा (पेशींत शिरणारे जिवाणू), दोन्ही चाचण्या पहिल्या व्हायल्स गोठवण्यापूर्वीच करून घ्या.