ह्यूस्टनजवळ मुलांना घेऊन मासे गरवायला कुठे जावं?

मुलं बरोबर असली की तळं किती देखणं आणि मासा किती मोठा, या दोन्ही गोष्टी मागे पडतात. अर्ध्या तासात गरीला काहीतरी लागलं पाहिजे आणि बाथरूम हाकेच्या अंतरावर पाहिजे. या हिशेबाने आमच्या घरी पहिला नंबर केटीमधल्या मेरी जो पेकम पार्कचा.

छोटंसं तळं, भोवती चालायची वाट, बाजूला खेळाची जागा. प्रवेश फुकट. धाकट्याला कंटाळा आला की तो घसरगुंडीवर आणि मोठी काठावर, दोघांवर एकाच खुर्चीतून नजर ठेवता येते. मुख्य म्हणजे इथे मासे आणून सोडतात. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्य सरकारच्या खात्याची ‘नेबरहूड फिशिन’ नावाची योजना आहे. तिच्यातल्या तळ्यांत गरमीच्या दिवसांत साधारण दर दोन आठवड्यांनी कॅटफिश आणि थंडीत रेनबो ट्राउट सोडला जातो. वेळापत्रक त्यांच्या वेबसाइटवर असतं. ते बघून लगेचच्या शनिवारी सकाळी लवकर गाठायचं. दिवसाला माणशी पाच कॅटफिश नेता येतात, लांबीची अट नाही. ट्राउट तर बिनधास्त न्यावा, इथल्या उन्हाळ्यात तो तसाही जगत नाही.

माझे बाबा वेंगुर्ल्याहून आले होते. जन्म खाडीवर गेलेला, त्यामुळे गोड्या पाण्यातल्या माशाकडे बघायची एक विशिष्ट नजर. ट्रकमधून मासे आणून सोडतात हे कळल्यावर म्हणाले, “ही तळी नाय गो, सरकारी मासळीबाजार आसा.” पण पहिला कॅटफिश लागला तेव्हा तो गरीवरून सोडवायला तेच पुढे झाले. याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात, अगदी आपल्या शिंगाळ्यासारखे. काट्यांच्या मागून बोटं घालून कसं धरायचं हे त्यांनी नातीला दाखवलं. मासा मुलांच्या हाती द्यायच्या आधी हे शिकवाच.

आमिषाला फार खर्च करू नका. दुकानात चीजचं एक भयंकर वासाचं आमिष मिळतं. कॅटफिशला प्रिय असेल, पण गाडीत सांडलं तर गाडी विकायची वेळ येईल. गांडुळं किंवा हॉटडॉगचे तुकडे पुरतात. अगदी लहान मुलांना बारीक गरी आणि पावाची गोळी द्या, काठाजवळचे ब्लूगिल नावाचे छोटे मासे पटापट लागतात.

दुसरा नंबर नीडव्हिलजवळच्या ब्राझोस बेंड स्टेट पार्कचा. सौंदर्य म्हणाल तर पेकम त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. एल्म लेक आणि फॉर्टी एकर लेकवर मासेमारीसाठी धक्के आहेत, बगळे आहेत, ओकवरून लोंबणारं स्पॅनिश मॉस आहे. आणि मगरी आहेत. म्हणजे अ‍ॅलिगेटर. त्यांच्यापासून तीस फूट लांब राहायचं, आणि तुमच्या गरीवरच्या माशामागे तो आलाच तर दोरी कापून मासा त्याला देऊन टाकायचा, असा तिथला नियम. मासे साफ करून घाण पाण्यात टाकायची नाही. सात-आठ वर्षांच्या पुढच्या, सांगितलेलं ऐकणाऱ्या मुलांसाठी झकास जागा. हात सुटला की पळणारं पोर असेल तर तूर्त नको. शनिवार-रविवारचा पास आधीच काढून ठेवा.

पूर्ण दिवस काढायचा असेल तर उत्तरेला हंट्सव्हिल स्टेट पार्क. पाइनची झाडं, लेक रेवन, भाड्याच्या होड्या. मासा लागेलच याची खात्री नाही, पण डबा खायला याहून चांगली जागा नाही.

परवान्याचं थोडक्यात. १७ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. मोठ्यांना लागतो, आणि भारतातून आलेले आजी-आजोबा हातात रॉड धरणार असतील तर त्यांनाही. एका दिवसाचा काढला की काम भागतं. मात्र स्टेट पार्कच्या आत काठावरून किंवा धक्क्यावरून मासे धरायला कोणालाच परवाना लागत नाही, आणि बऱ्याच स्टेट पार्कांत रॉडही उसना मिळतो. म्हणून पाहुणे घेऊन पहिल्यांदाच जात असाल तर आधी ब्राझोस बेंड, आवड लागली की पेकम. तळ्याकाठी सँडल नको, बंद बूट घाला. इथल्या लाल मुंग्यांची वारुळं गवतात दिसत नाहीत.

घरी आणल्यावर कॅटफिशची कातडी काढा. त्याला चिखलाचा वास असतो. हळद, मीठ आणि कोकमाच्या आगळात अर्धा तास ठेवला की तो वास बराच जातो. मग मसाला लावून रव्यात घोळवायचा. कढी, म्हणजे माशाचं कालवण, करायचा मोह आवरा. बाबांनी दोन तुकडे खाऊन तिसरा मागितला आणि निकाल दिला, “तळून बरो लागता. पण बांगडो तो बांगडोच.”