एफसी २५ चा विमेन्स करिअर मोड: खेळायला भारी, पण गोष्ट अर्धीच

एफसी २५ हा फुटबॉलचा व्हिडिओ गेम (आधी याचंच नाव फिफा होतं) सेलमध्ये लागला म्हणून घेतला आणि घेतला तो विमेन्स करिअर मोडसाठीच. फिफा १६ मध्ये बायकांच्या १२ नॅशनल टीम आल्या, फिफा २३ च्या कव्हरवर एम्बाप्पेच्या बाजूला ऑस्ट्रेलियाची स्ट्रायकर सॅम कर झळकली, पण आपली प्लेयर बनवून तिचं अख्खं करिअर करायला मिळायला २०२४ उजाडलं. उशिरा का होईना, दिलं बाबा एकदाचं.

लीग पाच आहेत, इंग्लंड, अमेरिका, जर्मनी, स्पेन, फ्रान्स. मी इंडियाची स्ट्रायकर बनवली आणि इंग्लंडच्या लेस्टर क्लबला टाकली. सुरुवातीला बेंचवर बसवतात, ट्रेनिंग नीट केलं की मॅनेजरचं रेटिंग चढतं आणि मग एखाद्या मॅचला शेवटची वीस मिनिटं मिळतात, तेव्हा खरंच धडधडतं हो! एजंट टार्गेट देतो, एवढे गोल कर, मग मोठ्या क्लबचं बघू. पासिंगचा गेम पुरुषांच्या मॅचपेक्षा वेगळा वाटतो, धावून धावून जिंकता येत नाही, थ्रू बॉलचं, म्हणजे डिफेंडरांच्या मधून पुढे सोडलेल्या पासचं टायमिंग जमावं लागतं, मला तरी हेच जास्त आवडलं.

आता रडगाणं. गेममधलं करिअर जिथून सुरू होतं तिथवर पोचण्यातच आपल्या पोरींचं अर्धं आयुष्य जातं. इंडियन विमेन्स लीग (आयडब्ल्यूएल) गेममध्ये नाहीच, भारताची महिला टीमही नाही, पोरांची आयएसएल (इंडियन सुपर लीग) मात्र फिफा २२ पासून आली. आपली स्ट्रायकर बाला देवी मणिपूर पोलिसात नोकरी करत खेळली आणि २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबला गेली तेव्हा तिशीला आलेली. मनीषा कल्याण गोकुलम केरळा क्लबकडून सायप्रसच्या अपोलॉनला गेली, २०२२ ला युरोपातल्या क्लबांची विमेन्स चॅम्पियन्स लीग खेळणारी पहिली भारतीय झाली. आमच्या लीगच्या २०२३-२४ सीझनला एका टीमला १२ मॅच, इंग्लंडमध्ये २२, मग प्लेयर तयार होणार कधी सांगा. आणि सॅम कर तरी कुठे थेट इंग्लंडच्या चेल्सी क्लबात उतरली, पंधराव्या वर्षी ऑस्ट्रेलियातला पर्थ ग्लोरी क्लब आणि मग कित्येक वर्षं वर्षातला थोडा काळ ऑस्ट्रेलिया, थोडा अमेरिका, सुट्टी अशी नाहीच. जानेवारी २०२४ ला गुडघ्याचा एसीएल (आतला लिगामेंट) गेला तर दीड वर्षाहून जास्त बाहेर. गेममध्ये दुखापत झाली की कॅलेंडर पुढे ढकललं, विषय संपला.

बाळंतपणाचं तर नावच नको. अमेरिकेची स्ट्रायकर अॅलेक्स मॉर्गन २०२० मध्ये आई होऊन परत खेळली, आइसलंडच्या सारा ब्योर्कने गरोदरपणातल्या थकलेल्या पगारासाठी तिच्या फ्रेंच क्लबवर, लियॉनवर केस केली आणि जिंकली, फिफाने (गेम नव्हे, जागतिक फुटबॉल संघटना) २०२१ पासून १४ आठवड्यांची रजा नियमातच घातली. एवढं सगळं समोर असताना गेममध्ये माझी प्लेयर पगारातून शॉपिंग करते, बास.

तरी घ्या म्हणेन, पण फुल प्राइसला अजिबात नको. गोल करायला आवडत असेल तर प्लेयर करिअर, हिशेबात डोकं चालत असेल तर मॅनेजर करिअर, म्हणजे अख्खी टीम चालवायची. डिफिकल्टी आधी प्रोफेशनलला ठेवा, नाहीतर पहिल्या सीझनलाच पंचवीस-तीस गोल होतात आणि मजाच जाते. माझ्याकडून पाचापैकी साडेतीन, आयडब्ल्यूएल आणली की अर्धा वाढवते.