चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय? ईएलएम३२७ ब्लूटूथ रीडर घ्यावा का?

गाडी किनवट, भूम, पाथरी अशा तालुक्याच्या गावी असेल तर कंपनीचं वर्कशॉप बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी, नाहीतर थेट छत्रपती संभाजीनगरला. वाटेत इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला, गाडी मिसिंग मारू लागली, की पहिला प्रश्न पडतो: तिथपर्यंत चालवत न्यायची का? या प्रश्नासाठीच, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारा हा आगपेटीएवढा रीडर घेण्यासारखा आहे.

दिवा स्थिर असेल तर सावकाश वर्कशॉप गाठता येतं. लुकलुकत असेल तर नाही. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाही, ते तसंच सायलेन्सरच्या वाटेला लागतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन पेटतं. आतली सिरॅमिकची जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग) किंवा प्लगचा खर्च कन्व्हर्टरपुढे काहीच नाही. म्हणून आधी ॲक्सिलरेटर सोडा, दिवा लुकलुकायचा थांबत नसेल तर गाडी बाजूला घ्या. सत्तर-ऐंशी किलोमीटर तशीच रेटू नका.

रीडर लावायचं १६ पिनांचं सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी असतं. इग्निशन ऑन करा, मोबाइलला ब्लूटूथने जोडा (पिन बहुधा १२३४ किंवा ००००), मग टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप उघडा. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ चालत नाही, ब्लूटूथ एलई किंवा वायफायवालाच घ्या. बाजारात मिळणारे जवळजवळ सगळे नकलीच असतात. ईएलएम३२७ चिप बनवणाऱ्या मूळ एल्म कंपनीने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नव्हती, तरी १.५ लिहिलेले रीडर साधारणपणे बरे चालतात. २.१ लिहिलेल्या अगदी स्वस्त नकलांमध्ये बरेच आदेश गायब असतात आणि काही गाड्यांशी त्या जुळतच नाहीत. परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या.

आता कोड. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट न जळणं. पी०३०० म्हणजे एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. बहुतेक आडव्या इंजिनांत पट्ट्याकडचा सिलिंडर १ नंबरचा, रेनॉच्या काही इंजिनांत मात्र गिअरबॉक्सकडून मोजतात. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम बघा आणि स्क्रीनशॉट काढा: बिघाड नोंदला तेव्हाचा आरपीएम, वेग, लोड, कूलंटचं तापमान सगळं त्यात असतं. मांजरसुंब्याचा घाट चढताना मिसिंग आणि सपाटीला गाडी ठीक, असं असेल तर कॉइल किंवा प्लगवर संशय घ्या. लोड वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि कमजोर कॉइल तिथेच हात टेकते.

रीडर सिलिंडर सांगतो, भाग सांगत नाही. पी०३०२ दिसला म्हणून लगेच कॉइल विकत आणणं ही सर्रास होणारी चूक. इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. दहाच्या गोटी पान्याने २ आणि ३ नंबरच्या कॉइल काढून अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी चालू करा. मिसफायर ३ वर गेला तर कॉइल खराब. २ वरच राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करा. तरीही २ च असेल तर इंजेक्टर, त्याची वायर, नंतर कॉम्प्रेशन. प्लग गरम इंजिनात काढू नका, ॲल्युमिनियम हेडचे आटे जातात. बसवताना आधी हाताने फिरवा, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळा. प्लगच्या खोबणीत ऑइल दिसलं तर नुसता प्लग बदलून उपयोग नाही, तिथलं सीलही बदलावं लागेल.

आपल्याकडे दोन कारणं हमखास सापडतात. पावसाळ्यात काळ्या मातीने माखलेली गाडी वॉशिंगला दिली की इंजिनावरही प्रेशरचा फवारा मारतात, पाणी प्लगच्या खोबणीत उतरतं आणि संध्याकाळी दिवा लुकलुकतो. कॉइल काढून पंक्चरवाल्याकडची हवा मारा, कोरडं करा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. दुसरं कारण उंदीर. शेतात किंवा गोठ्याजवळ गाडी लावत असाल तर इंजेक्टर आणि कॉइलच्या वायरी टोकापर्यंत बघा. कुरतडलेली वायर जोडून नुसती टेप गुंडाळू नका, सोल्डर करून हीट श्रिंक नळी चढवा.

सीएनजी गाडीचा प्रकार थोडा वेगळा. गॅसला ठिणगी जोरदार लागते, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावतो पण सीएनजीवर मिसिंग देतो. गॅसवर दिवा लुकलुकतो आणि पेट्रोलवर शांत होतो, तर आधी प्लग आणि त्यांचा गॅप बघा.

रीडरची आणखी एक चांगली बाजू म्हणजे फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते. इंजिन गरम असताना शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (टिकून राहिलेली) ट्रिमची बेरीज शून्याच्या आसपास हवी. +१० टक्क्यांच्या वर राहत असेल तर कुठेतरी जादा हवा शिरतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. टाकी भरल्यावर लगेच पी०३०० आला तर पेट्रोलमधल्या पाण्याचाही विचार करा.

एबीएस आणि एअरबॅगचे दिवे हा रीडर बहुतेक गाड्यांत वाचू शकत नाही, त्यासाठी कंपनीचा किंवा त्या यंत्रणा वाचणारा वेगळा स्कॅनर लागतो. कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे विकणारे सांगत नाहीत. आणि काम झालं की रीडर सॉकेटमधून काढून ठेवा. १६ नंबरच्या पिनेला किल्ली बंद असतानाही १२ व्होल्ट असतात, गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.