सुगम्य पुस्तकालय की स्वतः स्कॅनिंग?

दृष्टिहीन विद्यार्थ्याने बी.ए.चं पुस्तक आधी सुगम्य पुस्तकालयात शोधावं. २०१६ पासून चालू असलेल्या या ऑनलाइन ग्रंथालयात डेझी, ईपब अशा, दृष्टिहीनांना वापरता येणाऱ्या डिजिटल स्वरूपात पुस्तकं मिळतात. हव्या त्या प्रकरणावर थेट जाता येतं. पण बदललेल्या अभ्यासक्रमाचं मराठी पुस्तक तिथे असेलच असं नाही.

मोबाइलवर स्कॅन करून ओसीआर (म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) केलं तर पान लगेच हाती येतं. मात्र जोडाक्षरं बिघडतात, तक्त्यातले रकाने एकमेकांत मिसळतात आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, भलतंच वाचतो. तपासायला डोळस मित्र हवाच. कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून दृष्टिहीनांसाठी केलेल्या अशा प्रतीला मुभा आहे, तेव्हा बिनधास्त करा.

परीक्षा तोंडावर असेल तर मी स्कॅनिंगच निवडेन. वर्षभराच्या अभ्यासाला मात्र पुस्तकालयच बरं.