भिंती दिवाळीआधी करायच्या की उत्तरायणानंतर? पूर ओसरल्यावरचा हिशोब

विश्वामित्री नदीचे पाणी ओसरले की बडोद्यात दोन गोष्टी एकाच आठवड्यात दिसतात: रस्त्याच्या कडेला भिजलेल्या गाद्यांचे ढीग लागतात आणि कडिये (गवंडी), रंगारी फोन उचलेनासे होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात साधारण २० इंच पाऊस कोसळला होता. दोन्ही वेळा तळमजल्यावर राहणाऱ्यांपुढे तोच प्रश्न होता. गणपती, नवरात्र, दिवाळी ओळीने येताहेत, तर भिंती आत्ताच उरकून घ्यायच्या की कोरडा हिवाळा येईपर्यंत कळ काढायची?

ठेकेदार म्हणतो, आठ दिवसांत घर नव्यासारखे करून देतो. शेजारचे अनुभवी काका म्हणतात, घाई करू नका. बहुतेक घरांत काकांचे ऐकावे असे माझे मत आहे. मात्र आधी पाणी आले कुठून ते पाहायला हवे.

वरून आलेले पाणी, खालून आलेले पाणी

वादळी पावसात गच्चीतून झिरपलेले पाणी तुलनेने स्वच्छ असते. त्याचे दुखणे वर असते: गच्चीवरच्या चायना मोझेकला (तुकड्यांच्या फरशीला) गेलेली चीर, कठड्याचा आणि स्लॅबचा सांधा, पानांनी तुंबलेले पाण्याचे तोंड. ते बुजवल्याशिवाय खालच्या छताला हात लावण्यात अर्थ नाही, आणि ते काम गच्ची कोरडी असतानाच टिकाऊ होते. पावसाळ्यात तुंबलेले तोंड मोकळे करा, चिरेवर तात्पुरता लेप द्या आणि पुढचे काम हिवाळ्यावर टाका. इथे निर्णय सोपा आहे.

नदीचे किंवा गटाराचे पाणी घरात उभे राहिले असेल तर प्रकरण वेगळे. ते मैला आणि क्षार घेऊन येते आणि भिंतीच्या आख्ख्या जाडीत मुरते. पुढचे सगळे या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

ज्यात थांबायचे नाही

विजेचे काम पहिले. रस्त्यावरचा पुरवठा सुरू झाला म्हणजे घरातले वायरिंग ठीक झाले असे होत नाही. पाणी खालच्या प्लगपर्यंत चढले असेल तर भिंतीतल्या पाइपांतही गेलेले असते आणि बोर्ड वरून कोरडा दिसला तरी आत ओल टिकते. मेन स्विच बंदच ठेवा. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मेगर (वायरींचे आवरण शाबूत आहे का ते मोजणारे यंत्र) लावून तपासणी करून घ्या आणि बुडालेले प्लग, स्विच बदला. जमिनीवर उतरणारी गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी घरात नसेल तर तो आत्ताच बसवा. रंगाचे पैसे आधी इथे खर्च करा.

गाळही ओला असतानाच काढायचा. वाळला की खरवडावा लागतो. माणसे मिळाली तर उत्तम, नाहीतर घरच्यांनीच वायपर आणि फावडे घ्यावे. कपाट सरकवण्याआधी खाली बॅटरी मारून बघा, साप असू शकतो. (आपल्या नदीत मगरी आहेत आणि पुरात त्या सोसायट्यांच्या आवारात आलेल्या आहेत, त्यामुळे हा सल्ला ऐकून बडोद्यात कोणी हसत नाही.) फरशी आणि भिंतीचा खालचा भाग धुऊन ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा, मात्र त्यात संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. जमिनीखालची टाकी उपसून, घासून, ब्लीचिंग टाकून स्वच्छ केल्याशिवाय तिचे पाणी पिऊ नये.

आता भिंत

विटांची भिंत वाळायला महिन्याला साधारण एक इंच, असा ढोबळ हिशोब धरतात. नऊ इंची बाहेरची भिंत दोन्ही अंगांनी वाळली तर प्रत्येक बाजूने साडेचार इंच, म्हणजे साडेचार महिने. ऑगस्टअखेरीस भिजलेली भिंत त्या हिशोबाने जानेवारीच्या मध्याला, उत्तरायणाच्या सुमारास तयार होते. आतली साडेचार इंची पडदी सव्वादोन महिन्यांत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. टेनामेंटमधली (एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांतली) शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत किंवा एका अंगाला टाइल लावलेली भिंत एकाच बाजूने श्वास घेते, तिला आणखी वेळ द्या.

दिवाळीआधी पुट्टी मारून प्लास्टिक पेंट लावला की भिंत चार दिवस छान दिसते. आतल्या ओलीला मात्र बाहेर पडायला वाट उरत नाही. हिवाळ्यात ती क्षार घेऊन पृष्ठभागाकडे येते, आधी पांढरा लोणा फुलतो आणि मग पोपडे सुटतात. ‘डॅम्पप्रूफ’ रंगाचा आग्रह झाला तर सावध राहा. ओल्या भिंतीवर तो लावला तर ओल नाहीशी होत नाही, वर चढते किंवा पलीकडच्या खोलीत निघते. पीव्हीसी किंवा लाकडी पॅनेल लावून झाकणे तर सगळ्यात वाईट. मागे बुरशी वाढते, उधईलाही (वाळवीलाही) आयते घर मिळते, आणि कळते ते वास यायला लागल्यावर.

थांबण्याचीही किंमत आहे हे मान्य करायला हवे. सणासुदीला पाहुणे येतात आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर कमरेएवढी तपकिरी रेघ असते. कुबट वास येतो. घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हे बाळ असेल तर त्या खोलीत झोपणे नकोच.

म्हणून मधला मार्ग. मुठीने किंवा पान्याच्या दांड्याने प्लॅस्टर ठोकत जा. भरीव आवाज आला तर ते राहू द्या, नुसते धुऊन उघडे ठेवा. ‘डब डब’ असा पोकळ आवाज आला तर तेवढा भाग पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत आत्ताच काढून टाका आणि विटा उघड्या राहू द्या. जिप्सम किंवा पीओपीचे काम भिजले असेल तर त्याची आशा सोडा. नवे प्लॅस्टर भिंत वाळल्यावर. तोवर दिवाळीसाठी चुन्याची सफेदी मारा. स्वस्त आहे, उजळ दिसते आणि चुन्यातून ओल बाहेर पडू शकते.

रावपुरा, दांडियाबाजारातल्या जुन्या वाड्यांत हे आणखी महत्त्वाचे. तिथे विटा चुन्यात बसवलेल्या असतात. कडिया सवयीने सिमेंटचा गिलावा सुचवेल, तो नको म्हणा. सिमेंट ओल अडवते, मग ती भिंतीत वर चढत लाकडी खांबांपर्यंत आणि तुळयांपर्यंत पोचू शकते. चुन्याचे काम जाणणारा माणूस शोधायला वेळ लागला तरी चालेल.

भिंत वाळली की नाही हे कळायला उपकरण लागत नाही. दीड-दोन फुटांचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवा. दुसऱ्या दिवशी पाहा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे असतील तर ओल भिंतीतली आहे. बाहेरच्या बाजूला असतील तर ती खोलीतल्या हवेतली. आत थेंब दिसेनासे झाले की रंगाऱ्याला बोलवा.

पंखा, एसी की हीटर?

उघडीप असेल तेव्हा खिडक्या उघड्या आणि पंखा चालू. पाऊस लागला की खिडक्या बंद करून एसी ‘ड्राय’वर. दोन्ही एकदम करू नका, बाहेरची दमट हवा वाळवण्यातच एसी दमेल. ओल शोषणारे डीह्युमिडिफायर भाड्याने मिळाले तर तेही बंद खोलीतच कामाचे. हॅलोजन किंवा हीटर भिंतीसमोर ठेवणाऱ्यांना एवढेच सांगेन की त्याने वरचा थर तेवढा वाळतो आणि तडकतो. नवरात्र सरता सरता बडोद्याची हवा कोरडी होते आणि पुढचे काम ती फुकट करते.

फर्निचर आणि विमा

सागवानी पलंग, कपाट वाचते. धुऊन सावलीत हळूहळू वाळवा, उन्हात ठेवले तर चिरते. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफची कडा एकदा पावासारखी फुगली की परत बसत नाही, त्यावर सुताराची मजुरी घालू नका. प्लायवूड मधले. मरीन प्लाय बहुधा टिकते, साध्या प्लायचे थर सुटतात. नवे कपाट करताना तळाशी फूटभर ग्रॅनाइटचे पाय दिले तर कमी पाण्यात तरी ते वाचेल.

हे सगळे फेकण्याआधी पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा आणि विमा कंपनीला लगेच कळवा. गृहकर्जासोबत लावलेली पॉलिसी अनेकांकडे असते आणि पुरातही आठवत नाही. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देतात. त्यात पूर आणि वादळ येते, आणि इमारतीचा विमा असेल तर घरातल्या सामानालाही इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते. गच्चीतून वर्षानुवर्षे होणारी गळती मात्र त्यात धरत नाहीत, म्हणून अर्जात जुनी ओल आणि पुराचे नुकसान वेगवेगळे लिहा. विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत भिंत फोडू नका, पोकळ प्लॅस्टरही तोवर राहू द्या. गाळ काढणे आणि वाळवणे थांबवू नका, फक्त प्रत्येक टप्प्याचा फोटो आणि मजुरीची पावती ठेवा.