दसरा चौकातला कार्यकर्त्यांचा मेळावा : स्टेज सोडलं तर लय भारी

परवा रविवारी कोल्हापुरात दसरा चौकाजवळच्या एका हॉलमध्ये शांतता, पर्यावरण, सामाजिक न्याय असल्या कामातल्या लोकांचा मेळावा झाला. प्रवेश फुकट, दारात देणगीचा डबा. माझ्याकडून ५ पैकी साडेतीन स्टार, आणि कापलेला दीड स्टार सगळाच्या सगळा स्टेजचा.

जागेला मात्र फुल मार्क. शाहू महाराजांनी वेगवेगळ्या समाजातल्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली, त्यातलं मुस्लिम बोर्डिंग याच चौकात, महाराजांचा पुतळा पण इथंच, त्यामुळं असल्या कामाला दुसरी जागा शोधायचं कारणच नाही. गाडी लावायला जागा मिळंल ही आशा सोडून या.

आता स्टेज. वेळ १० ची, सुरू झालं ११ ला, मग स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, परत सत्कार. शाहू महाराजांचं १९०२ चं ५० टक्के आरक्षण आणि महाराज नि बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले ती १९२० ची माणगाव परिषद यावर लागोपाठ तीन भाषणं. अहो कोल्हापुरात हे शाळेतल्या पोराला पण पाठ असतंय, आज काय करायचं ते बोला की! आणि शिरोळकडच्या ज्या ताई खरं कामाचं बोलणार होत्या त्यांना जेवणाच्या तोंडावर पाच मिनिटं. तिकडच्या हेरवाड गावानं मे २०२२ ला विधवा प्रथा बंदीचा (नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या ते बंद) ठराव केला हे सगळ्यांना माहितीय, पण ताई त्याच्या पुढचं सांगत होत्या, की ठराव ग्रामपंचायतीत होतोय, हळदीकुंकवाला बोलवायचं का नाही हे मात्र सासू ठरवती, म्हणून त्या आता सासवांच्याच बैठका घेतात. इथं लोक सरसावून बसले आणि नेमकी चिठ्ठी आली, वेळ संपली म्हणून.

खरा मेळावा बाहेर व्हरांड्यात, टेबलांपाशी. पुरावर काम करणाऱ्या पोरांनी जुनी नऊवारी भिंतीला उभी टांगलेली आणि तिच्यावर ऑइलपेंटनं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी काढलेली, ३९ फूट इशारा, ४३ धोका, आणि पार वर पदराजवळ २०१९ ची रेघ, ५५ च्या पण वर. फोटोत कळत नाही, शेजारी उभं राहिल्यावर पोटात गोळा येतोय. तिथंच नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला विरोध करणारे एक काका आले आणि म्हणाले, रस्त्याचा भराव टाकला की पाणी तुंबणार ते आमच्याच रानात. टेबलावरच्या एका पोरीनं लगेच नकाशा पसरला, काकांनी पेन घेऊन स्वतःचा ओढा दाखवला, मग अर्धा तास दोघं वाद घालत बसले, जेवणाची हाक आली तरी उठेनात. एरवी हे दोघं एकमेकांच्या मोर्चाला पण गेले नसते.

शांततेवाल्यांचं टेबल साधंच, पण त्यांचा अर्ध्या पानाचा कागद मी घरी आणून फ्रीजवर लावलाय. जून २०२३ ला मोबाईलवरच्या स्टेटसवरून शहरात दगडफेक झाली, नेट बंद पडलं, ते आठवतंय ना? तसलं काही मोबाईलवर आलं तर ग्रुपवर टाकायचं नाही, स्क्रीनशॉट काढून आधी पोलिसांना द्यायचा, मग गल्लीतल्या दोन्ही समाजांतल्या जाणत्या माणसांना फोन. त्यांची नावं लिहायला खाली रिकाम्या ओळी सोडल्यात, म्हणजे भरायचं काम आपलं आपल्यालाच.

जेवण पिठलं, भाकरी, खर्डा, ताक. ताट-वाटी घरनं आणायची, धुवायची पण आपणच, एक नंबर. प्लास्टिकचा एक ग्लास दिसला नाही. पण स्टेजमागं वीस फुटी फ्लेक्स, त्याच्यावर नदी वाचवा! एवढी ऑइलपेंटची हौस असलेली पोरं घरात असताना कापडावर रंगवून घ्यायला काय झालेलं?

पुढच्या वेळी जाणार असाल तर साडेअकरानंतर जावा, ताट विसरू नका, आणि आत खुर्ची धरायच्या भानगडीत न पडता थेट व्हरांडा गाठा.