‘ऐंशी टक्के’ टायर आणि माझे ४,७०० रुपये

आधीच कबूल करतो, मला कोणी अडाणी समजून फसवलं नाही. मी टायरची माहिती काढून गेलो होतो. खिशात मुलीच्या कंपासमधली प्लास्टिकची पट्टी होती. त्या पट्टीच्या भरवशावरच फसलो.

गाडी २०१७ ची डिझायर, पेट्रोल. नागपुरातलं मनीष नगर ते बुटीबोरी एमआयडीसी, रोजची ये-जा. २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा मेकॅनिकनं पुढच्या दोन्ही टायरांवर बोट ठेवलं. टायरच्या खाचांमध्ये मधे मधे रबराचे आडवे छोटे उंचवटे असतात, त्यांना टीडब्ल्यूआय म्हणतात. टायर झिजत झिजत त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला की नक्षी १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं. कारसाठी कायद्याची मर्यादा तेवढीच आहे. माझे टायर बरोबरीला आले होते. “पावसाळ्याच्या आत बदलून टाका जी,” तो म्हणाला.

दोन नव्या टायरांचा भाव आला १०,२०० रुपये, बॅलन्सिंग-अलाइनमेंट धरून. त्याच महिन्यात कूलरची मोटर जळाली होती आणि मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर होती. ऑफिसातल्या एकानं सुचवलं, सेकंड हँड पाहून घे, निम्म्यात काम होतं. त्याचं स्वतःचं झालं होतं म्हणे.

दुकान अमरावती रोडच्या बाजूला. नाव लिहीत नाही, आणि लिहून उपयोगही नाही, कारण पाटीवर फक्त ‘टायर’ हा शब्द आणि एक बाण होता. आत टायरांच्या उतरंडी रचलेल्या, सगळे काळेभोर आणि चकाकणारे. मालक तोंडात खर्रा धरून बोलत होता.

“नवे काहून घेता जी? तेवढ्यात माझ्याकडं चार येतात.”

मग त्यानं जी गोष्ट सांगितली ती अर्धी खरी होती, म्हणूनच पटली. लोक शोरूममधून गाडी काढतात आणि आठवड्याभरात अलॉयची चाकं नि रुंद टायर टाकतात. कंपनीचे टायर जवळपास कोरे निघतात. असा माल बाजारात खरोखर येतो, मी तो मित्राच्या गाडीला पाहिलेला होता. “हे दोन तसेच हायत. ऐंशी टक्के माल. लावा ना पट्टी, लावा.”

मी लावली. कारच्या नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. इथं पट्टी सहाच्याही जरा पुढं गेली. चार ठिकाणी मोजलं, चारही ठिकाणी तेवढंच. मालक बाजूला उभा राहून कौतुकानं पाहत होता. आता आठवलं की चीड येते, कारण त्याला पक्कं ठाऊक होतं, पट्टी घेऊन आलेलं गिऱ्हाईक पट्टीच लावणार, दुसरीकडं पाहणार नाही.

चारही ठिकाणी खोली अगदी सारखी भरली, तिथंच खरं तर शंका यायला हवी होती. वापरलेला टायर असा सारखा झिजत नाही; कडेला कमी, मधे जास्त, काहीतरी फरक राहतोच. टायरवरून हात फिरवला तर बोटं काजळ लागल्यासारखी काळी झाली. वापरलेल्या टायरवर धूळ असते, इथं पॉलिश होतं. मी हात पुसायला चिंधी मागितली आणि त्यानं लगेच दिली.

तारीख विचारली नाही असंही नाही. टायरच्या बाजूवर ‘डॉट’पासून सुरू होणारा एक क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. पण पुष्कळ टायरांवर हे चार आकडे एकाच बाजूला असतात. मी बाहेर चहा घेऊन येईपर्यंत पोरानं टायर रिमवर चढवले होते, आणि आकड्यांची बाजू दोन्ही टायरांची आत गेली होती. “आतून आली जी तारीख. आता पुन्हा काढायला लावता का पोराले?” पोरगं घामानं निथळत होतं. मी म्हटलं, राहू द्या.

दोन टायरांचे ४,६००, बॅलन्सिंग-अलाइनमेंटचे ६००, माझे जुने दोन टायर घेतले त्याचे ५०० वजा. ४,७०० रुपये यूपीआयनं दिले, ते कुठल्या तरी तिसऱ्याच नावाच्या खात्यात गेले. बिल म्हणून वहीचं अर्धं पान मिळालं: ‘टायर २ नग ४६००’. ना दुकानाचं नाव, ना टायरची कंपनी, ना क्रमांक. साडेपाच हजार वाचले म्हणून येताना सीताबर्डीत थांबून घरी संत्रा बर्फी नेली.

मे महिन्यात अमरावतीला लग्न होतं. आई मागं, बायको शेजारी. सकाळी साडेनऊलाच बोनेटवर हात ठेववत नव्हता. कोंढाळी मागं टाकली, गाडी ऐंशीला होती, आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. आधी वाटलं रस्ता खराब आहे. मागून आई म्हणाली, “गाडी धडधडून राहिली का रे?” हळू करत कडेला घेतली. लांबून पाहिलं तर टायरमध्ये हवा व्यवस्थित होती. डाव्या पुढच्या टायरवर हात फिरवला तेव्हा एका जागी फुगा लागला, आणि खाचेतून तळव्यात तार टोचली.

स्टेपनी चढवून पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत गेलो. साठीचे काका होते. त्यांनी टायर हातात घेतला, एकदा फिरवला आणि मला म्हणाले, “कटिंगचा माल हाय जी हा. कोणी देल्ला?”

मग त्यांनी मला जे दाखवलं त्यासाठीच हे सगळं लिहितो आहे. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथं, एक छोटासा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं असतात. त्या खुणेवरून सरळ आत खाचेत बोट न्यायचं. बोटाला उंचवटा लागलाच पाहिजे, टायर नवा असो की झिजलेला. काकांनी माझं बोट धरून तिथं नेलं. खाच सपाट होती. दुसरी खूण, तिसरी खूण, सगळीकडं सपाट. “पट्टीनं खोली दिसते. ती खोली कोणी पाडली, ते पट्टी सांगत नाही,” काका म्हणाले.

प्रकार असा असतो. गुळगुळीत झालेला टायर घ्यायचा आणि तापलेल्या पात्यानं जुन्याच खाचा पुन्हा खोल कोरायच्या. उंचवटे पात्याखाली कापले जातात. खाचेच्या तळाशी जे पातळ रबर आतल्या पोलादी तारांना झाकून ठेवतं, तेही जातं. मग डांबराची उष्णता, वेग आणि गाडीचं वजन, एवढं तारा उघड्या पडायला पुरतं. ट्रकच्या काही टायरांना कंपनीच जाड तळ ठेवते आणि पुन्हा खाचा पाडता येतील असं बाजूवर लिहिते. कारच्या टायरमध्ये तेवढं रबरच नसतं.

काकांनी ओलं फडकं आतल्या बाजूवर घासलं. काळं पाणी उतरलं आणि खाली भेगा दिसल्या, उन्हाळ्यात आटलेल्या तलावाच्या तळाला पडतात तशा. तारीख होती १११५. मार्च २०१५, म्हणजे माझ्या गाडीहून दोन वर्षांनी मोठा टायर. उजव्या टायरच्या आकड्यांची जागा तर सरळ पॉलिश पेपरनं घासलेली होती. पुढच्या आठवड्यात आम्ही समृद्धीनं शिर्डीला निघणार होतो, तिथं कारला ताशी १२० ची मुभा आहे. बायकोनं ते लगेच आठवून दिलं आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

दोघींना अमरावतीच्या एसटीत बसवलं. मी उजव्या टायरच्या जिवावर चाळीसच्या वेगानं नागपूरला परतलो. लग्न हुकलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. मालक समोर नव्हता म्हणून मागच्या अंगणात गेलो. तिथं तोच पोरगा बसला होता, हातात विजेवर तापणारं वाकडं पातं. रबराच्या लांब शेवया निघून त्याच्या पायाशी पडत होत्या, वास डोक्यात जात होता. आणि त्याच्या मांडीवरचा टायर माझा होता. आमच्या फाटकाला घासून त्याच्या बाजूला निळ्या ऑइल पेंटचा ओरखडा पडला होता, तो मी कुठंही ओळखला असता. २५० रुपयांना दिलेला टायर ‘ऐंशी टक्के’ होत होता.

मालक आला. आवाज चढवायची त्याला गरजच पडली नाही. “मी कधी म्हटलं नवे हायत? सेकंड हँडमध्ये गॅरंटी नसते, सगळ्या जगाले माहीत हाय.” पैसे परत देणार नाही, दुसरी जोडी हवी तर वर हजार द्या. मी म्हटलं, निदान माझे जुने टायर मला परत दे. तर म्हणाला, “सोळाशे एकाचे. मेहनत झाली ना जी आता त्यावर.”

शेजारचे काका वकील आहेत. त्यांनी सांगितलं ते सरळ होतं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही तक्रार घालता येते. मग त्यांनी ते वहीचं पान उजेडात धरलं आणि विचारलं, “हे टायर त्याच दुकानातले, हे यावरून कसं दाखवशील?” पैसे तिसऱ्याच माणसाच्या खात्यात, पानावर नाव नाही, एका टायरचे आकडे खरवडलेले. तक्रार मी तरीही केली, पण ज्यांना टायर घ्यायचे आहेत त्यांनी आधी बिलाकडं पाहावं. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर टायरचा आकार आणि अनुक्रमांक. दुकानदार ‘बिलाशिवाय इतके कमी’ म्हणाला की तो नेमकं काय विकतोय हे समजून घ्या.

शेवटी दोन नवे घेतले. पण १०,२०० नाही लागले. तीन दुकानं फिरल्यावर त्याच नावाजलेल्या कंपन्यांमधलं साधं मॉडेल ९,१०० ला मिळालं. महागड्या नक्षीसाठी पैसे मोजायची मला गरज नव्हती. आकार तोच, आयएसआयची खूण आणि आकारापुढचं ८८एच तेच असलं म्हणजे झालं. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलोचा भार, एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. गाडीला ठरवून दिलेल्याहून हे आकडे खाली नकोत. तारीख टायर रिमवर चढायच्या आधी पाहिली, मोबाइलमध्ये फोटो काढला. नवी जोडी मागं टाकायला लावली, कारण ओल्या रस्त्यावर मागचा टायर आधी सुटला तर गाडी फिरते. दुकानदाराला ते पटलं नाही. “सगळे पुढंच टाकतात,” म्हणाला. टाकोत. मागची बरी जोडी पुढं आली.

ती जोडी डिसेंबरमध्ये बदलली. तोवर टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून, त्यामुळं तेवढा दिलासा मिळाला. बिल झालं, टायर बसले, आणि पोरगा जुने टायर उचलून आत न्यायला लागला. मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, आधी दोन्हीची बाजू कापून दे, माझ्यासमोर.

तो मालकाकडं पाहायला लागला. मालक माझ्याकडं.

“कापले तर त्याचे पैसे नाही भेटत जी, मग भंगारातच.”

“माहीत हाय,” मी म्हटलं. पोरानं सुरा शोधून आणला. रबर चिवट होतं, दोन टायरांना दहा मिनिटं लागली.